ढोरांच्या डॉक्टरांचा पाइप

आमच्या घरमालकांइतका बोलणारा माणूस वर्धा जिल्ह्यात झाला नाही, आणि त्यांच्याइतका ऐकून घेणाराही झाला नाही. ही दोन्ही माणसं एकच होती, हे मी त्यांच्या माडीवर भाड्यानं राहून डोळ्यांनी पाहिलं आहे. ते गुरांचे डॉक्टर. समुद्रपूरकडच्या खेड्यांत नोकरी करून निवृत्त झाले आणि वर्ध्याला लागून सिंदी मेघेत घर बांधून राहिले. उभा जन्म न बोलणाऱ्या पेशंटांत गेलेला, त्यामुळे तुंबलेलं सगळं बोलणं निवृत्तीनंतर फाटक उघडल्यासारखं बाहेर पडलं. गॅसची टाकी घेऊन आलेला माणूस एकदा त्यांच्या तावडीत सापडला, तो म्हैस गाभण असल्याची सगळी लक्षणं शिकूनच सुटला. पुढे तो टाकी फाटकाशी ठेवून नुसती घंटी वाजवायचा आणि पळायचा. बुद्ध विहारातल्या बैठकीत डॉक्टर बोलायला उभे राहिले की बायका सतरंज्या गुंडाळायला लागत. एकदा तर अध्यक्षांनी हळूच माइक बंद केला. डॉक्टर तसेच बोलत राहिले, पण घरी आल्यावर पायरीवर बसून मला म्हणाले, “काऊन रे, लोक माहं ऐकत काऊन नाईत?” हसण्यासारखं होतं, पण त्यांचा चेहरा पाहून मला हसू आलं नाही.

या दुखण्यावर त्यांनी स्वतःच औषध शोधलं. त्यांच्या उमेदीच्या काळात एक मोठे साहेब दौऱ्यावर येत आणि पाइप ओढत. साहेब अर्धं वाक्य बोलून पाइप तोंडात धरायचे आणि पुढचं अर्धं बाहेर येईपर्यंत अख्खा दवाखाना श्वास रोखून उभा राहायचा. डॉक्टर हे विसरले नव्हते. एकदा बोअरच्या मोटारीसाठी पाइप पाहायला ते कारंज्याला गेले. तिथे हमरस्त्यावरच्या ढाब्याशेजारी जुन्या सामानाचं दुकान होतं. फुटके आरसे, ट्रकचे भोंगे आणि पितळी दिवे यांच्यात त्यांना लाकडी पाइप दिसला. “साब, असली बिरायर है, बिरायर,” दुकानदार म्हणाला. बिरायर म्हणजे काय ते दोघांनाही ठाऊक नव्हतं, त्यामुळे सौदा लगेच जमला.

“आनला पाइप!” त्यांनी फाटकातूनच आरोळी दिली.

“किती इंची?” त्यांच्या बायकोनं, म्हणजे काकूंनी, आतून विचारलं.

डॉक्टरांनी खिशातून काढून दाखवला. काकूंनी तो हातात घेऊन दोन्ही टोकांनी पाहिला. मग म्हणाल्या, “यानं टाकीत पानी कसं चढन?”

पुढचे काही दिवस घरात त्या पाइपाची शुश्रूषा चालली. ब्रायर ही एका विलायती झुडपाच्या मुळाशी धरणारी गाठ असते आणि विस्तवाला ती सहसा दाद देत नाही, हे त्यांनी मोबाइलवर पाहून घेतलं आणि मग साऱ्या गल्लीला सांगितलं. जुना वास जावा म्हणून पाइपाच्या वाटीत मीठ आणि स्पिरिट भरून ठेवलं. दांडी कोंबडीच्या पिसानं साफ केली. तोंडात धरायच्या टोकावर जुन्या मालकाच्या दातांचे ठसे होते. डॉक्टरांनी ते बैलाचे दात पाहावेत तसे उन्हात धरून पाहिले आणि निदान सांगितलं, “म्हातारा होता. डाव्या दाढंनं रवंथ करे. सभाव गरीब असन, चावा खोल नाई.” त्या अनोळखी म्हाताऱ्याबद्दल ते नेहमी घरच्या माणसासारखं बोलत.

पहिल्यांदा बिडीची तंबाखू भरली, तेव्हा शेजारीण गोठा पेटला म्हणून बादली घेऊन धावत आली. मग भाच्यानं नागपुराहून पाइपाची तंबाखू आणून दिली. तिला काकवीसारखा गोड वास होता. काकू तोंडानं नावं ठेवत, पण नेमक्या त्याच वेळी तांदूळ निवडायला व्हरांड्यात येऊन बसत.

पण पाइप हे मोठं मानी जनावर आहे. जरा दुर्लक्ष केलं की विझतं. दाबा, काडी ओढा, हलके झुरके घ्या, पुन्हा दाबा. या खटपटीत डॉक्टरांचं तोंड कामात गुंतलं आणि कान मोकळे झाले. लोकांनी आपलं ऐकावं म्हणून आणलेल्या पाइपानं त्यांनाच ऐकायला बसवलं. कुणाची सून रुसलेली, कुणाचा मुलगा परीक्षेत नापास झालेला. माणसं पायरीवर टेकायची, डॉक्टर दाबत-फुंकत “हं” म्हणायचे, आणि माणसं हलकी होऊन उठायची. गॅसवालासुद्धा आत येऊन बसू लागला.

मी त्या पाइपाचा जन्माचा ऋणी आहे, त्याचं कारण वेगळं. मला सुजाताशी लग्न करायचं होतं. ती समुद्रपूरला शिक्षिका होती. आम्ही कुणबी, ती बौद्ध. मी घरी फोनवर सांगितलं आणि दुसऱ्याच सकाळी माझे वडील कारंज्याहून पहिल्या गाडीनं येऊन थडकले. माडीवर माझ्याकडे न येता ते थेट डॉक्टरांसमोर उभे राहिले.

“डॉक्टर, तुमच्या घरात राहून माहं पोरगं बिघडलं. हे तुमीच जमवलं!”

मी जिन्यात थिजलो. आता डॉक्टरांचं भाषण सुरू होणार आणि सगळं मोडणार, याबद्दल मला शंका नव्हती. पण त्यांनी खुर्ची पुढे सरकवली आणि पाइप भरायला घेतला. वडील बोलत राहिले. भाऊबंद काय म्हणतील, बहिणीची सोयरीक कशी होईल, गावात तोंड कसं दाखवू. डॉक्टर नुसते “हं” म्हणत होते. हळूहळू वडिलांचा आवाज उतरला.

“याची माय गेली तवापासून घरात मी एकलाच हावो, डॉक्टर. हा बी तुटला तं मी बोलू कोनासंग?”

हे त्यांनी मला कधीच सांगितलं नव्हतं.

पाइप विझला होता आणि डॉक्टरांची काडेपेटी रिकामी होती. वडिलांनी आपल्या खिशातली काढली, काडी ओढली आणि ओंजळीचा आडोसा करून पाइप पेटवून दिला. धूर आल्यावर डॉक्टर एवढंच म्हणाले, “भाऊ, पोरगी पाहून घ्या. मंग नाई म्हना.”

वडिलांनी जळकी काडी पायरीखाली टाकली. मग म्हणाले, “बलवा तिले.”

ते गेल्यावर मी खाली आलो, तर डॉक्टर अजून पाइप दातांत घट्ट धरून बसले होते. “लय भाषन आलतं रे तोंडात,” ते म्हणाले. “पाइप आडवा होता म्हनून रायलं.”

लग्न झालं. वडिलांना सुजाता आवडायला वेळ लागला, पण आवडली. आता मला न सांगितलेल्या गोष्टी ते तिला सांगतात. छातीच्या दुखण्यामुळे डॉक्टरांची तंबाखू बंद झाली. त्यांना ऐकूही फारसं येत नाही. तरी वडील बागेतली संत्री घेऊन कारंज्याहून त्यांच्याकडे येतात आणि दोघं व्हरांड्यात दुपारभर बसतात. वडील बोलतात, डॉक्टर मान डोलावतात. किती पोचतं, कोण जाणे.

परवा मी एकटाच गेलो होतो. इतकी वर्षं जे सांगायचं राहिलं होतं ते सांगावं म्हणून त्यांच्या कानाशी वाकलो आणि मोठ्यानं म्हणालो, “काका, तुम्ही होते म्हणून माझं घर झालं.”

त्यांनी माझा हात धरून ठेवला आणि हसले.

“हो रे,” ते म्हणाले, “औंदा संत्रे लय गोड होते.”

मी म्हणालो, “हो काका. लय गोड.”