माझ्या हातची धूपदानी

एका रविवारी आमच्या चर्चमध्ये झाडून सगळी माणसं रडली, आणि फादरांचं प्रवचन तेव्हा सुरूसुद्धा झालं नव्हतं.

रडवलं मी. मी शाळेत शिक्षिका आहे, त्यामुळे रडवण्याचा थोडाफार अनुभव होता. पण एकावेळी चाळीसच्या वर कधी गेले नव्हते!

आमचं गाव नंदुरबारपासून रिक्षाच्या अंतरावर. चर्च लहान, पण सेवा करणाऱ्यांची यादी लांबलचक. वाचन करणारे वेगळे, गाणारे वेगळे, अर्पणाची टोपली वेदीपर्यंत नेणारे वेगळे. (टोपली कोणी धरायची यावरून दोन सख्ख्या जावा वर्षभर बोलत नव्हत्या.) आणि या सगळ्यांच्या वर धूपदानीवाले फिलिपभाऊ. धूपदानी म्हणजे साखळ्यांना टांगलेलं पितळी भांडं. त्यात पेटते निखारे, निखाऱ्यांवर लोबान, आणि ते झुलवत मिरवणुकीच्या सगळ्यात पुढे चालायचं. फिलिपभाऊंनी हे बावीस वर्षं केलं. त्या वेळी त्यांचा चेहरा असा असायचा, की मागून येणाऱ्या फादरांना यांनीच कामावर ठेवलंय!

आणि दर बैठकीत मी एकच प्रश्न विचारायची, "फादर, धूपदानी बायकांना का नाही?"

हा प्रश्न विचारायला मला फार आवडायचं. कारण धूपदानी कोणी देणार नाही याची खात्री होती.

मग डिसेंबरात दोन गोष्टी एकदम झाल्या. फिलिपभाऊंचं सुरतेला मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं आणि डॉक्टरांनी सांगितलं, काळा चष्मा लावा आणि धुरापासून लांब राहा. आणि निरोप आला की जानेवारीत स्वतः बिशपसाहेब येणार, मुलांना दृढीकरण द्यायला, म्हणजे त्यांची श्रद्धा पक्की करण्याचा संस्कार. गावाला मोठा सण! गावातल्या वीस मुलामुलींच्या डोक्यावर बिशप हात ठेवणार, घरोघरी पाहुणे, मांडव, जेवणावळी.

बैठकीत फादर सायमननी माझ्याकडे पाहिलं. "रोझाताई, तुम्ही नेहमी विचारता ना? घ्या धूपदानी."

मी "बघू, विचार करून सांगते" म्हणायला तोंड उघडलं, तेवढ्यात काळ्या चष्म्याआडून फिलिपभाऊ बोलले, "फादर, धूपदानी म्हणजे झाडू नव्हे."

"घेते!" मी म्हणाले. (माझ्या आयुष्यातले बरेचसे निर्णय असेच झालेत. लग्नसुद्धा.)

बाहेर पडताना फादर हळूच म्हणाले, "ताई, नीट पार पडलं तर पुढे मुलींनाही देता येईल. पाच-सहा जणी विचारून गेल्यात. पण काही गडबड झाली, तर मला परत हा विषय काढता येणार नाही."

म्हणजे माझ्या एकटीच्या मनगटावर गावातल्या सगळ्या पोरींचं भवितव्य!

घरी सासूबाईंना सांगितलं. सासूबाई आमच्या पक्क्या अहिराणी. चर्चमधली प्रार्थना तेवढी शुद्ध मराठीत, बाकी सगळं जग अहिराणीत.

"तू धूर सांभाळशी?" त्यांनी मला आपादमस्तक पाहिलं. "गॅसवर दूध उतू जास ते तुले दिसत नही!"

आमचे हे, म्हणजे दिलीप, पेपरातून डोकं न काढता म्हणाले, "आई, दुधाला साखळी नसते ना."

बिशप येणार त्या दिवशीचं वाचन यांच्याकडे होतं, त्यामुळे स्वारी जोरात होती.

सराव कशावर करायचा? धूपदानी चर्चमध्ये कुलपात. मग मी चहाच्या किटलीला सायकलची जुनी चेन बांधली आणि अंगणात झुलवायला लागले. पहिल्या दिवशी यांच्या स्कूटरचा आरसा गेला. दुसऱ्या दिवशी दुसरा गेला. (निदान जोडी तरी जमली.) कुंपणापलीकडून पाटीलकाकू बराच वेळ बघत होत्या. शेवटी त्यांना राहवेना.

"काय व रोझा, चहा थंडा करी ऱ्हायनी का?"

"नाही काकू, बिशप येणार आहेत, त्यांची तयारी."

"मंग त्यासले बशी दे ना!"

आठवडाभरात हात बसला. आदल्या दिवशी फादरांनी मला लोबानाचं नवं पाकीट दिलं. "सकाळी येताना घेऊन या, ताई. इथे उंदीर झालेत." मी घरी येऊन ते पाकीट स्टीलच्या डबीत रिकामं केलं. फिकट पिवळे, बारीक, छान कोरडे दाणे. डबी स्वयंपाकघरातल्या फळीवर ठेवली.

आता त्या फळीविषयी सांगायला हवं. जानेवारी म्हणजे आमच्याकडे मिरचीचा भर हंगाम. गावाबाहेर जिकडे बघाल तिकडे लाल पथारी, जमिनीवर मैलभर मिरची वाळत घातलेली. घरात मिरची, अंगणात मिरची, वाऱ्यात मिरची. या दिवसांत आमची नाकं मिरचीची दखल घेणंच सोडून देतात. तर सासूबाईंनी चांगल्या चांगल्या मिरच्या निवडून, फोडून, त्यांचं बी काढून ठेवलं होतं. बियाणं म्हणून. फिकट पिवळं, बारीक, छान कोरडं. स्टीलच्या डबीत. माझ्या लग्नात अर्धा डझनाचा सेट आला होता, त्यातल्याच डबीत.

आणि रविवारी सकाळी मी चष्मा लावला नव्हता! व्हिडिओवाला येणार होता ना. चर्चमध्ये धूपदानी हाती घेणारी गावातली पहिली बाई चष्म्यात कशी दिसेल, म्हणून मी तो उशीखाली ठेवला आणि हाताला लागली ती डबी पर्समध्ये टाकली.

सकाळी कडाक्याची थंडी. म्हणून चर्चच्या सगळ्या खिडक्या बंद. आत माणूस माणसाला चिकटून बसलेला. फिलिपभाऊ काळा चष्मा लावून सगळ्यात मागच्या बाकावर, धुरापासून लांब. (मिरवणूक मागच्या दारातूनच आत येते, हे बावीस वर्षं पुढे चालणाऱ्या माणसाच्या लक्षात आलं नाही!)

आम्ही दाराबाहेर उभे. मी निखाऱ्यांवर फुंकर घातली, बोटीच्या आकाराच्या पितळी भांड्यात डबी उपडी केली आणि बिशपसाहेबांसमोर धरली. साठीचे, शांत, हसरे गृहस्थ. त्यांनी तीन चमचे दाणे निखाऱ्यांवर टाकले. तडतड आवाज झाला. बिशपसाहेब क्षणभर थांबले, भांड्यात पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. मी हसले. तेही हसले. बाहेर वारा होता, धूर निघाला तसा शेताकडे गेला.

गाणं सुरू झालं. मी आत पाऊल टाकलं.

आता यातली गंमत अशी, की धूपदानीवाला सगळ्यात पुढे चालतो आणि धूर त्याच्या मागे जातो. मला काहीही कळलं नाही! दोन्ही बाजूंना झुलवत, मान ताठ, मी निघाले. मागच्या चार बाकांपाशी कोणीतरी खाकरलं. मग कोणीतरी नाक ओढलं. मी तिरक्या नजरेने पाहिलं, तर रेमंड गुरुजींच्या डोळ्यांत पाणी! पलीकडे त्यांची बायको पदराने डोळे टिपतेय!

माझं काळीजच भरून आलं. गावाला इतकं वाटेल असं मला वाटलं नव्हतं. एक बाई धूपदानी घेऊन चालते आणि पुरुषसुद्धा रडतात!

मी आणखी जोरात झुलवली.

मागे गाण्याचे तुकडे पडायला लागले. "या, या, प्रभूच्या..." आणि खोकला. "...मंदिरी..." आणि शिंक. क्रूस धरणारा विल्सन तर हुंदके देत होता. मी मनात म्हटलं, हळवा आहे बिचारा. मधल्या बाकावर व्हिडिओवाला डोळे मिटून भलत्याच दिशेचं शूटिंग करत होता. वेदीपाशी पोचून मी वळले, आणि माझाच सगळा धूर, मला शोधत आल्यासारखा, माझ्या तोंडावर आला.

घशात कोणीतरी पेटती काडी टाकली! डोळे मिटले, नाक वाहायला लागलं. आणि त्या अंधारात मला एकदम, स्वच्छ, फळीवरच्या दोन डब्या दिसल्या.

"फादर," मी कुजबुजले, "गडबड झालीय."

"काय... ख्ख... घातलंत?"

उत्तर मला द्यावंच लागलं नाही. तिसऱ्या बाकावरून, सगळ्या खोकल्यांच्या वर, आमच्या सासूबाईंचा आवाज आला.

"ओ माय वं! हाई ते मन्हं मिरचीनं बी शे! मन्हं बियानं जाळी टाकं व रोझानी!"

सगळं चर्च माझ्याकडे वळलं. ज्यांना डोळे उघडता येत होते, ते.

गोंधळात कोणीतरी शहाणपणा केला आणि पंखे लावले. भर जानेवारीत, आठच्या आठ, पूर्ण वेगाने! तोपर्यंत ज्या कोपऱ्यांना धूर मिळाला नव्हता त्यांनाही तो घरपोच मिळाला. दृढीकरणाची वीस पोरं नव्या कपड्यांत ओळीने शिंकत होती. माझ्या हातात धूपदानी तशीच, आणि ती ठेवायची कुठे हे मला सुचेना. जिथे जाईन तिथली माणसं पळत होती.

तेवढ्यात मागून फिलिपभाऊ आले. काळा चष्मा त्यांच्या डोळ्यांना दोन्ही बाजूंनी घट्ट झाकत होता. त्या गर्दीत धड दिसत असलेला तो एकमेव माणूस! त्यांनी माझ्या हातून धूपदानी घेतली, बावीस वर्षांच्या सवयीने एकही निखारा न सांडता सरळ बाजूच्या दारातून बाहेर नेली आणि पाण्याच्या बादलीत बुडवली. चुर्रर्र! मग परत येऊन खिडक्या एकेक करून उघडल्या.  

मिस्सा, म्हणजे आमची रविवारची उपासना, पुढे चालू झाली. आमचे हे वाचनाला उभे राहिले. त्या दिवशीचं वाचन होतं शिष्यांवर अग्नीच्या जिभा उतरल्याचं. यांनी सुजलेल्या डोळ्यांनी पान शोधलं, "त्यांना अग्नीच्या जिभा..." म्हणाले, माझ्याकडे पाहिलं, आणि खोकत खोकत खाली बसले. पहिल्या बाकावरून कोणीतरी हसलं, मग दुसऱ्यावरून. फादर सायमन पुस्तकाआड तोंड लपवून खांदे हलवत होते.

या सगळ्यात एकच माणूस शांत होता. बिशपसाहेब! ना खोकला, ना शिंक, ना डोळ्यांत थेंब. त्यांनी प्रवचन केलं, वीसच्या वीस मुलांच्या डोक्यावर हात ठेवला, सगळं व्यवस्थित.

आणि हे सासूबाईंच्या नजरेतून सुटलं नाही. आमच्याकडे दृष्ट काढताना मिरच्या जाळतात, आणि ठसका लागला नाही तर समजायचं की दृष्ट जबरदस्त लागलेली आहे. मिस्सा संपली तशा त्या मांडवात गेल्या, आचाऱ्याकडून मूठभर मीठ-मोहरी घेतली आणि बिशपसाहेबांच्या वाटेत उभ्या राहिल्या.

"बाबा, बस जरासा. तुले लई जबरी नजर लागेल शे."

"आई!" आमचे हे किंचाळले.

"तू चूप! येवढा धूर व्हयना, यासले ठसका बी नही उना!"

फादरांचा चेहरा पांढरा पडला. आणि बिशपसाहेब? ते प्लॅस्टिकच्या खुर्चीवर बसले! डोक्यावरची उंच टोपी काढून मांडीवर घेतली आणि मान खाली घातली. सासूबाईंनी सगळ्या गावासमोर मीठ-मोहरी सात वेळा उतरवली. व्हिडिओवाल्याचे डोळे नेमके तेव्हाच उघडले.

"मावशी," बिशपसाहेब उठताना म्हणाले, "माझी आई मिरचीच्या पथारीवर देठ खुडायची. मी तिच्या शेजारी झोळीत मोठा झालो. मला ठसका लागत नाही. पण उतरवलंत ते बरं केलंत. पुष्कळ वर्षांत कोणी माझी दृष्ट काढली नव्हती."

मग माझ्याकडे वळून हळूच म्हणाले, "दाणे चपटे दिसले तेव्हाच मला शंका आली होती. पण तुम्ही इतक्या आत्मविश्वासाने हसलात, म्हटलं, इथली पद्धत असेल."

मी मांडवाच्या खांबाआड जाऊन खरंखुरं रडले. यात धुराचा संबंध नव्हता. पाच-सहा पोरींच्या वाट्याला येणारी गोष्ट मी एका चष्म्यापायी घालवली होती. (शिवाय सासूबाईंनी लोबानाची डबी सकाळीच बियाणं म्हणून पाटीलकाकूंना दिली होती. काकूंनी ते वाफ्यात पेरून त्याला चार दिवस इमानेइतबारे पाणी घातलं.)

पुढच्या बैठकीला मी जाणारच नव्हते. यांनी ओढत नेलं. फादरांनी विषय काढला, आणि फिलिपभाऊ उठले. मी डोळे मिटले.

"मी मागच्या बाकावरून सगळं पाहिलं," ते म्हणाले. "पाऊल नीट, झोका नीट, साखळी कुठे अडकली नाही. मला शिकायला दोन वर्षं लागली होती. बाई असण्याचा आणि जे झालं त्याचा काही संबंध नाही. पोरींना मी शिकवतो."

आज आमच्याकडे चार मुली पाळीपाळीने धूपदानी झुलवतात, आणि फिलिपभाऊ बाजूला उभे राहून डोळे वटारतात. पाहुणे येतात, कौतुक करतात. फादर सायमनही अभिमानाने सगळ्यांना सांगतात, की आमच्या चर्चमध्ये धूपदानीला कुठल्याही बाईला मनाई नाही.

एक सोडून.