रफूवाल्या काकांची नजर

आमचे काका रफू करायचे. कोटाला पडलेलं भोक बुजवायला ते त्याच कोटाच्या आतल्या शिवणीतून धागे काढत, आणि काम झाल्यावर भोक कुठे होतं हे मालकालाही सांगता येत नसे. एरवी नाकावर जाड भिंगांचा चष्मा. कामाला बसले की तो काढून ठेवत आणि कापड थेट नाकाशी नेत. लांबचं माणूस ओळखू येत नसे, पण जवळचा एकेक धागा सुटा दिसे.

काकूचा त्या चष्म्यावर भारी राग. "फोटोत तुमचे डोळे कुठायत तेच कळत नाही!" लेझरने नंबर घालवायचं तिनेच मनावर घेतलं. डॉक्टरांनी विचारलं, "काम काय करता?" काकांनी तोंड उघडायच्या आत काकू म्हणाली, "कपड्यांचं दुकान आहे आमचं." रफूवाला म्हणायला तिला कमीपणा वाटला. काका पडले भिडस्त, बायकोला परक्यासमोर खोटं कसं पाडणार? डॉक्टर म्हणाले, "या वयात बारीक वाचायला चष्मा लागेल हं." दोघांनी माना डोलावल्या. वाचायचं होतं कुणाला!

डोळ्यावरचा नाजूक पापुद्रा खरवडून खाली लेझर मारला. काही दिवस काका आगीत हात घातल्यासारखे कळवळत होते. मग एका सकाळी त्यांनी खिडकीतून समोरच्या औषधाच्या दुकानाची पाटी वाचून दाखवली. काकूला आकाश ठेंगणं झालं.

काका आपल्या रफूच्या दुकानात बसले, कापड नाकाशी नेलं, आणि सगळं धुरकट. जवळचा चष्मा लावून पाहिला. भिंग धरून पाहिलं, तर एक धागा दिसे आणि शेजारची वीण हरवे. पुन्हा डॉक्टर. "रफू करता? अहो, मग हे आधी सांगायचं ना! इतक्या जवळचं दिसत होतं ते तुमच्या नंबरामुळेच. आता ते परत येणार नाही." मला काकूला गदागदा हलवावंसं वाटलं. पण तिचा चेहरा आधीच पार उतरला होता.

तरी काकांनी एक काळा कोट रफूला घेतला. जीव ओतून केला. गिऱ्हाईक तो अंगात घालून दाराशी उभं राहिलं आणि म्हणालं, "छान झालंय हो, कळतसुद्धा नाही." भला माणूस, खोटं बोलत होता. काका आत मशीनमागे बसले होते. तिथूनच त्यांना खांद्यावरची ती ओढलेली, गाठाळ जागा लख्ख दिसली.

"काढा तो," काका म्हणाले. "उसवून देतो. दुसऱ्या कुणाकडून करून घ्या."

"कुणाकडून? तुम्हीच सांगा. कोण करतं आता हे?"

काका बराच वेळ आठवत राहिले. शेजारी बसलेली काकूही आठवत राहिली. एकही नाव सांगता आलं नाही.