कर्त्याच्या सहीची प्रत

हे मी बायकोलाही सांगितलं नाही. ती गेली, तरी नाही. आता तुम्हाला सांगायला बसलोय, तर मध्येच थांबलो म्हणून कंटाळू नका — जीभ उचलत नाही, दुसरं काय.

मला जुन्या पुस्तकांचा नाद. नावाजलेल्या लेखकांची नव्हेत. ती काय, कुणाच्याही फळीवर असतात. मला हवे असत ज्यांचं नाव कुणी ऐकलेलं नाही असे. पदरमोड करून आयुष्यात एकच पुस्तक छापलेले मास्तर, वैद्य, तलाठी. पूर्वी एक रीत होती. लेखक प्रत्येक प्रतीवर स्वतः सही करायचा, आणि शेजारी छापलेलं असायचं, कर्त्याची सही नसलेली प्रत चोरीची समजावी. त्या सहीवर माझा जीव.

स्वातंत्र्याला सात-आठ वर्षं झाली होती. पिंपरीच्या कारखान्यात मी स्टोअरचा कारकून. सुट्टीला सायकल काढायची आणि चाकण, खेडपर्यंतचे रद्दीवाले पालथे घालायचे. कॉलनीत लोक म्हणायचे, यांच्याकडे आहे ते पुण्यातसुद्धा मिळायचं नाही. हे ऐकायला किती गोड लागतं, ठाऊक आहे तुम्हाला?

चाकणच्या अमीनभाई रद्दीवाल्याने एकदा एक नाटक काढून दिलं. चिंचवडच्या कुणा केशव मास्तरांचं. पानं पिवळी पडलेली, पण सही ठसठशीत. मी ते घरी आणून ट्रंकेत ठेवलं.

आणि थोड्याच दिवसांत ते मास्तर स्वतः माझ्या दारात. मला वाटायचं, असली माणसं मेलेलीच असतात. सगळे त्यांना तात्या म्हणत. पुण्याच्या एका प्रकाशकाने त्यांचं नाटक भलत्याच माणसाच्या नावावर नव्याने छापलं होतं. तात्या भांडायला गेले, तर तो म्हणाला, तुमच्या सहीची जुनी प्रत आणा, नाव बदलतो. घरातल्या प्रती वाळवीने खाल्लेल्या. बायकोच्या पाटल्या मोडून छापलेलं पुस्तक, आणि ते आपलं आहे हे दाखवायला हातात चिटोरं नाही. तुमच्याकडे एखादी असेल तर चार दिवसांपुरती द्या, म्हणाले.

कपबशी त्यांनी ट्रंकेवरच ठेवली होती. त्याच ट्रंकेवर.

मी म्हणालो — नाही हो तात्या, माझ्याकडे नाही.

का म्हणालो? प्रत परत येणार नाही ही भीती? तीही होती थोडी. पण खरं सांगू? तात्यांचं नाव झालं असतं, लोकांनी त्यांना शोधलं असतं — मग माझ्या शोधाला कोण विचारणार? मला अज्ञात लेखक आवडायचे, म्हणजे ते अज्ञातच राहायला हवे होते. इतका हलकट विचार, आणि तो मी चहा पिता पिता केला.

पुढे अमीनभाई भेटला. म्हणाला, "साहेब, मास्तरांना दिली ना किताब? तुमच्याकडं हाय म्हणून मीच सांगितलं त्यांना."

"दिली," मी म्हणालो.

म्हणजे तात्यांना ठाऊक होतं. ठाऊक असून त्यांनी विचारलं, माझं 'नाही' ऐकलं, आणि उरलेला चहा संपवून गेले. तेव्हा तरी मी चिंचवडला जायला हवं होतं की नाही? कितीसं लांब आहे? नाही गेलो.

त्या साली गणपतीत कॉलनीतल्या हौशी मंडळींनी तेच नाटक बसवलं, नव्या छापाचं. कमिटीवर मी. हँडबिलावर त्या चोराचं नाव मीच छापून आणलं. संध्याकाळी तात्या चिंचवडहून चालत आले आणि पुढे सतरंजीवर बसले. नट बोलायच्या आधी त्यांचे ओठ हलायचे. माझ्या शेजारचा फोरमन म्हणाला, "बघा राव, म्हाताऱ्याला नाटक पाठ हाय की." माणसं हसली.

मीही हसलो. हेच सांगायचं होतं. प्रत लपवली ती हावेपोटी म्हणा — पण हसलो कशासाठी?

पडदा पडल्यावर तात्या माझ्यापाशी आले. "छान बसवलंत," म्हणाले. "शेवटच्या अंकात बापाच्या तोंडचं एक वाक्य तेवढं नव्या छापात गळलंय. तुम्ही वाचलं असेल."

आवाजात राग नव्हता. आजूबाजूला कॉलनीची माणसं उभी होती. ते वाक्य मला तोंडपाठ होतं.

"नाही बुवा," मी म्हणालो, "आमच्या पुस्तकात ते नाही."

त्यांनी मान हलवली, चपला शोधल्या आणि निघाले. पुढच्या उन्हाळ्यात ते वारले. नाटक अजून त्या दुसऱ्याच्याच नावावर छापलं जातं. प्रत माझ्याकडे आहे. ती मी आजवर कुणाला दाखवलेली नाही.