घरचे साक्षीदार

टाइपिस्टबाई कामाला लागून सहा महिने झाले तरी वकीलसाहेबांना त्यांचा आवाज धड माहीत नव्हता. त्यांच्याकडे पहिल्यांदा लक्ष गेलं ते एका दुपारी. एक म्हातारे गृहस्थ मृत्युपत्रावर सही करायला आले होते. सगळं थोरल्या मुलाच्या नावावर, आणि साक्षीदार म्हणून त्याच मुलाची बायको सोबत आणलेली. साहेब फोनवर होते. म्हाताऱ्यांनी कागद पुढे ओढला, तेवढ्यात कोपऱ्यातून, मान वर न करता, बाई म्हणाल्या, "सूनबाईंची सही नको. बाहेरचं माणूस आणा."

"का हो? आमची सून काय चोर आहे?"

"चोर नाही, म्हणूनच सांगते. ज्याला मिळायचंय त्याने किंवा त्याच्या बायकोने साक्ष केली, तर त्याला दिलेलं रद्द होतं. उद्या तुमचा मुलगा हात चोळत बसेल."

साहेबांनी फोन तसाच कानाला धरून मान वळवली. कायदा तसाच होता. पण तो टाइपिस्टच्या जिभेवर असेल, असं त्यांना वाटलं नव्हतं.

त्यानंतर तीस वर्षं हे वाक्य महिन्यातून दोनदा तरी बाईंच्या तोंडून निघायचंच. टाइपरायटर गेला, कॉम्प्युटर आला, वाक्य तेच. किती घरं त्यांनी अशी परक्यांसाठी वाचवली, याची त्यांनी कधी मोजदाद केली नाही.

स्वतःच्या घरी मात्र हे वाक्य त्या एकदाही बोलल्या नाहीत.

घर वडिलांचं. वडील म्हणजे अप्पा, चष्म्याच्या दुकानात जन्मभर भिंगं घासलेले. आई गेल्यावर अप्पांचं सगळं बाईंकडे आलं. कानातलं यंत्र पुसणं, पायाची नखं काढणं, सकाळच्या गोळ्या आणि रात्रीच्या गोळ्या. धाकटा भाऊ बायकोमुलासह त्याच घरात राहायचा, पण नखं काढायला तो कधी खाली बसला नाही. बाईंचं लग्न आधी आईच्या आजारपणात मागे पडलं, मग त्याबद्दल कुणी बोलेनासं झालं.

बाई पन्नाशीच्या झाल्या त्या वर्षी भावाने अप्पांचं मृत्युपत्र करायचं ठरवलं. बहीण वकिलाच्या ऑफिसात, तरी त्याने मित्राचा कागद समोर ठेवून घरीच मजकूर तयार केला. ताईच्या साहेबाकडे गेलो तर ताई आपलं घुसवील, असा त्याचा हिशेब. एका रविवारी जेवणाच्या टेबलावर अप्पांसमोर कागद ठेवला. साक्षीला भावजय आणि तिचा सख्खा भाऊ. घरातली गोष्ट घरात.

बाई चहाचा ट्रे घेऊन दारात उभ्या होत्या.

"सगळं मला," भाऊ अप्पांच्या यंत्राजवळ तोंड नेऊन सांगत होता. "ताईच्या मागे कोण आहे? तिला घर देऊन पुढे काय? राहील आमच्यातच."

"वन्संना आम्ही काही कमी पडू देऊ का?" भावजय म्हणाली. "स्वयंपाकघरामागची खोली आहेच की."

बाईंनी अप्पांकडे पाहिलं. यंत्र चालू होतं, त्याच सकाळी त्यांनी पुसून बसवलं होतं. अप्पांना सगळं ऐकू आलं होतं. अप्पांनी मान डोलावली आणि सही केली.

मग भावजय कागदावर वाकली. ते नेहमीचं वाक्य बाईंच्या ओठांपर्यंत आलं. पेनाने दोन कोरे ओरखडे काढले.

"वन्सं, हे चालत नाहीये. तुमचं द्या ना."

बाईंनी ट्रे खाली ठेवला, पर्समधून ऑफिसचं पेन काढलं, टोपण उघडलं आणि दिलं.

त्या दिवसापासून त्यांनी तोंडात मिठाची गुळणी धरली. पहिले काही दिवस रात्री झोप लागायची नाही. मग लागू लागली, आणि पूर्वीपेक्षा छान लागू लागली.

वर्षभरात भावाने घरावर मजला चढवायला काढला. लांब घेऊन ठेवलेला स्वतःचा प्लॉट त्याने त्यासाठी विकला. घर आपलंच, मग थांबायचं कशाला?

"ताई, जिना आतून घेऊ की बाहेरून?"

"बाहेरून घे," बाई म्हणाल्या. "पुढेमागे बरं पडतं."

भिंती उठल्या तशा त्या रोज पहाटे उठून नळाला पाइप लावायच्या आणि ओल्या बांधकामावर पाणी मारायच्या, मगच ऑफिसला जायच्या. गवंडी भावाला म्हणाला, "बहीण असावी तर अशी. कोपरान् कोपरा भिजवतात." भावजयीनेही चारचौघांत कौतुक केलं. बाई फक्त हसल्या. भिंत पक्की व्हावी असं त्यांना मनापासून वाटत होतं.

एक संधी मात्र त्यांनी भावाला दिली. अप्पा अंथरुणाला खिळले तेव्हा भाऊ एका दुपारी पाकीट घेऊन ऑफिसात आला. साहेब कोर्टात होते.

"ताई, तू रोज हेच करतेस. एकदा नजर टाक. बरोबर आहे ना?"

बाईंनी कागद उलगडला. आपल्याच पेनाची शाई ओळखली. अप्पा अजून शुद्धीवर होते, हात हलत होता. नवा कागद तासाभरात झाला असता. बाईंनी मनाशी ठरवलं, हा एक शब्द जरी माझ्यासाठी बोलला तरी सांगून टाकायचं. त्या थांबल्या. पंख्याखाली कागद फडफडत होता.

भाऊ खुर्चीत रेलला. "आणि हो, मुलाचं लग्न ठरेल आता. तुझी खोली तेवढी रिकामी करून दे. गच्चीवर पत्रा टाकून देतो तुला. हवेशीर."

बाईंनी कागद पुन्हा पहिल्यापासून वाचला.

"टाइप कुणी केलं?"

"मीच. एका बोटाने."

"शब्दाची चूक एकही नाही."

"तू म्हणालीस म्हणजे झालं." त्याने निश्चिंत होऊन पाकीट खिशात घातलं. बाईंनी त्याच्यासाठी चहा मागवला.

अप्पा पुढच्या महिन्यात गेले. शेवटपर्यंत त्यांची नखं वेळेवर निघत होती.

मग तो कागद साहेबांच्या टेबलावर आला. साहेबांनी वाचला, सह्यांपाशी थांबले, चष्मा काढला.

"ही सही कुणाची?"

"माझी," भावजय खुशीत म्हणाली.

साहेबांनी सावकाश समजावलं. भावाला दिलेलं रद्द. घर आता मृत्युपत्राशिवाय, म्हणजे दोन मुलांत निम्मंनिम्मं. वरचा मजलाही त्यातच, कारण घर अप्पांच्या नावावर.

भावाने कागद स्वतःकडे ओढून सह्या पाहिल्या. मग कोपऱ्याकडे वळला.

"तुला ठाऊक होतं."

"होतं."

"मी विचारलं होतं तुला. इथेच बसून."

"विचारलंस. गच्चीवरच्या पत्र्याचंही इथेच बोललास."

"आणि मी मजला चढवत होतो तेव्हा?"

"तेव्हा मी पाणी मारत होते."

भावजय उठली. "आयत्या बिळावर नागोबा," असं दाराशी म्हणाली, पण तिचा आवाज नेहमीसारखा चढला नाही.

ती दोघं गेल्यावर साहेब म्हणाले, "बाई, तुम्ही एक शब्द बोलला असतात तर."

"अप्पाही बोलले नाहीत, साहेब," बाई म्हणाल्या आणि अर्धवट राहिलेला मसुदा पुढे घेतला.  नंतर कित्येक दिवस कागदावर सही करण्याआधी साहेब तो दोनदा वाचत होते.

वाटणीत बाईंनी वरचा मजला मागितला. नवा, कोरा, वेगळ्या जिन्याचा. भावाने वरच्या खोल्यांतले दिवे काढून नेले. बाईंनी त्याच संध्याकाळी दुसरे आणले.

याला आठ वर्षं झाली. बाईंना भावाखेरीज वारस नाही, तरी त्यांच्यामागे वरचा मजला त्या कुणाला लिहून देतील, हे खालच्या मजल्यावर कुणालाच ठाऊक नाही. भावजय हल्ली दर दोन दिवसांनी झाकलेलं ताट घेऊन वर येते, पुतण्या औषधं आणून देतो आणि भाऊ जिन्यात भेटला की तब्येत विचारतो. बाई ताट घेतात, धुऊन परत करतात. साहेब दरवर्षी एकदा आठवण करतात, "बाई, तुमचं स्वतःचं काय ते लिहून टाका." बाई म्हणतात, "बघू."

बाईंचं वय आता पासष्ट आहे आणि त्यांनी अजून मृत्युपत्र केलेलं नाही.