दादाच्या पिक्चरमध्ये कुणी मरत नसे

माणूस गेला की त्याचे किस्से कुठून एवढे बाहेर येतात कोण जाणे! दादाचं दहावं अजून व्हायचंय आणि चाळीच्या गॅलरीत रोज संध्याकाळी त्याचेच किस्से. सगळ्यांत मोठ्यानं मीच हसतो. मग आत आई बसलीय हे आठवतं आणि मान वर होत नाही.

दादा गिरणीत साच्यावर कापड विणायचा. रविवारी सकाळी लालबागच्या थेटरात इंग्रजी पिक्चर लागायचे. उडत्या तबकड्या, परग्रहावरची माणसं. पुढच्या बाकांवर आम्ही गिरणीवाले, कुणाला काही कळायचं नाही. मग दादा उभा राहून मराठीत सांगायचा. इंग्रजी त्यालाही येत नव्हतं!

एकदा तबकडीतून त्यांचा सरदार उतरला आणि लांबलचक काहीतरी बोलला. दादा म्हणाला, "मुंबई आमच्या ताब्यात द्या म्हणतोय." पडद्यावर एवढ्या चपला गेल्या की मॅनेजरनं खेळ थांबवला!

दुसऱ्या पिक्चरमध्ये लोखंडी माणूस होता. चाळीतल्या बाळूनं विचारलं, हा कुणाच्या बाजूचा? "कुणाच्याच नाही. दिल्लीहून चावी दिली की चालतो." मागे एक हवालदार बसला होता, तो खो खो हसला. मग इकडेतिकडे बघून त्यानं टोपी काढून मांडीखाली घातली.

ठाकूरद्वारचे एक शिकलेले गृहस्थ यायचे. ते एकदा चिडून म्हणाले की पडद्यावर असं काही बोलतच नाहीयेत. बाळू म्हणाला, "गप बसा हो, गोष्ट बिघडवू नका." पुढच्या रविवारी ते मागची खुर्ची सोडून दादाच्या बाकावर येऊन बसले.

आई एकदाच आली. तबकडीतून किरण सुटला आणि एक शिपाई कोसळला. आई रडायलाच लागली, "कोणाचो तरी झील असात रे तो."

दादा म्हणाला, "मेला नाही गं कुणाचा मुलगा. बेशुद्ध आहे."

तेव्हापासून दादाच्या पिक्चरमध्ये कुणी मेलं नाही. पडद्यावरचा डॉक्टर नाडी बघायचा, मान हलवून एक शब्द बोलायचा. दर वेळी तोच शब्द. दादा सांगायचा, "बेशुद्ध आहे म्हणतोय." एकदा तर एकाला पुरलं, वर माती लोटली. सगळी बाकं दादाकडे बघायला लागली. "परग्रहाचं विष आहे," दादा म्हणाला. "मातीत ठेवलं की उतरतं!"

एक किस्सा मात्र गॅलरीत कुणी काढत नाही. सगळे तिथं होते तरी.

संयुक्त महाराष्ट्रासाठी फाउंटनला निघालेल्या मोर्च्यात दादाला पोलिसांची गोळी लागली. इस्पितळाच्या व्हरांड्यात अर्धी चाळ उभी होती, मध्ये आई. आतून डॉक्टर आला. आमच्याकडे न बघता सार्जंटशी इंग्रजीत बोलला. एवढं सगळं बोलला, त्यातला एकच शब्द मला कळला. तोच.

सगळे माझ्याकडे वळले. आईनं माझा हात धरला.

"काय म्हणता रे तो?"

मी म्हणालो, "बेशुद्ध आहे म्हणतोय."