तिसऱ्या मजल्यावरचं ‘समजा’

"समजा, मावशी," असं म्हणून तो चष्मा कपाळावर सरकवायचा. मी वळखायचे, आता भांडी राहिली.

तुमच्याही बघण्यात असं एखादं माणूस असंल, ज्याचं बोलणं ‘समजा’नं सुरू होतं. आमचं हे माणूस नाशकात पाथर्डी फाट्याकडं तिसऱ्या मजल्यावर राहायचं. कारखान्यात कमरेवर लोखंड पडलं आन पाय गेले. बिल्डिंगला लिफ्ट नाय. आई होती तोवर तिनं केलं. तिनंच मला कामाला ठेवलं, आन ती गेल्यावर मी तशीच राहिले. स्वयंपाक, धुणं, त्याला चाकाच्या खुर्चीत बसवायचं, उठवायचं. मी त्याला भाऊ म्हणायचे.

मी तरी कुठं जाणार होते? इगतपुरीकडचं माझं गाव धरणात गेलं. नवरा त्याच्या आधीच वारला. रडून काय धरणाचं पाणी उतरत नाय. नाशकात आले आन कामाला लागले.

त्याच्या खिडकीतून लेण्यांचा डोंगर दिसायचा. मी पांडवलेणी म्हणले की तो चिडवायचा, "पांडव तुमच्या ओळखीचे होते का? नुसतं लेणी म्हणा. आमच्या भिक्खूंची आहेत ती."

डोंगर समोर, पण जाता येत नव्हतं. म्हणून तो कंप्युटरवर जायचा. जुन्या राजांचा एक गेम होता. पडद्यावर नकाशा, आन गावाचा जो धर्म त्याचा रंग गावाला. बटण दाबलं की वर्षं पळायची, राजे बदलायचे, गावांचे रंग बदलायचे. गेम करणारे परदेशातले. त्यांनी आपल्या सगळ्या मुलखाला एकच रंग फासला होता. भाऊनं गेम आतून उघडला आन त्यात आपलं लिहिलं. लेण्यांत भिक्खू बसवले, त्यांना दान देणारे व्यापारी बसवले. त्यांचा रंग पिवळा.

त्याला एकच बघायचं होतं. "समजा, मावशी, भिक्खू डोंगर उतरून गेलेच नसते. मग माझ्या बापाला शाळेबाहेर बसून शिकावं लागलं नसतं."

पण दर खेपेला पिवळा पुसून जायचा. वर्षं अर्ध्यावर आली की व्यापाऱ्यांचं दान आटायचं, विहार ओस पडायचे, आन डोंगर दुसऱ्याच रंगाचा व्हायचा. "गेले परत," म्हणायचा आन ताट सरकवायचा. पुन्हा पहिल्यापासून. दोन वर्षं हेच चाललं होतं.

"एवढी राज्यं चालवता भाऊ," मी म्हणायचे, "एक भाकर तेवढी चालवा."

एकदा फरशी पुसता पुसता मी विचारलं, "यात आमचं गाव कुठंय?"

त्यानं बोट ठेवलं. तिथं पाणी नव्हतं. धरणाच्या आधीचा नकाशा तो. माझ्या हातात फडकं तसंच राहिलं.

"कोणता देव लिहू?"

"कणसरी. धान्याची आई."

त्याला लय हुरूप आला. तिला हिरवा रंग दिला, देऊळ बांधलं, पुजारी बसवला. मग वर्षं पळवली. थोडी वर्षं झाली नाय तोच राजा बदलला, देऊळ पडलं, हिरवा गेला.

"गेली तुमची कणसरी," तो तोंड पाडून म्हणला.

"देऊळ कोणी सांगितलं होतं? आन पुजारी कशाला? ती कणगीत राहती, दाण्यांत. नागली, तुमची नाचणी, भरली की घरातली बाई हळदकुंकू लावती, झालं. आमचं गाव बुडालं, तवा मी डब्यात मूठभर नागली घेऊन निघाले. ती आली माझ्यासंगं."

त्यानं चष्मा खाली घेतला.

मी विचारलं, "भिक्खू गेले असतील, भाऊ. डोंगराखालची माणसं पण गेली का?"

"नाही. ती तिथंच राहिली."

"मग त्यांच्या घरातलं कोणी पुसलं?"

तो परत कंप्युटरकडं वळला. आठ दिवस लिहीत बसला. बसून बसून कमरेखाली जखमा झाल्या होत्या. मी म्हणायचे, आडवे व्हा. तो म्हणायचा, "थांबा, घरं बसवतोय." विहार पडला तरी घरातलं घरात राहील, अशी काहीतरी सोय करत होता.

नवव्या दिवशी सकाळी मला शेजारी स्टुलावर बसवलं आन खेळ सुरू केला. अर्ध्यावर विहार ओस पडले, नेहमीसारखे. डोंगराचा रंग गेला. मी त्याच्याकडं बघितलंच नाय. पण पायथ्याला पिवळे ठिपके राहिले. बारीक, नागलीच्या दाण्याएवढे. आमच्या घाटाकडं हिरवे. वर्षं संपली तरी होते.

"राहिले," तो म्हणला.

"मग तुमचा बाप शाळेत आत बसला का?"

"ते यात दिसत नाही, मावशी. पण बाहेर बसला तरी घरून काहीतरी घेऊन बसला असेल." मग म्हणला, "भाकर आहे का?" दोन खाल्ल्या. आन त्या खेळाची एक सीडी काढून मला दिली. "ठेवा. तुमचंही गाव आहे यात."

जखमा चिघळल्या. ताप चढला. पुण्याहून त्याचा धाकटा भाऊ आला. चार माणसांनी खुर्चीसकट खाली उतरवला. कितीक वर्षांनी तो खाली आला होता. गाडीत घालताना त्यानं मान वळवून डोंगर शोधला. खालून मधे बिल्डिंगा येत होत्या.

"दिसत नाही, मावशी."

"हाय तिथंच," मी म्हणले.

दवाखान्यातून तो परत आला नाय.

धाकट्यानं घर विकायला काढलं, कंप्युटर कुणाला तरी देऊन टाकला. मला म्हणला, "तुम्हाला काही पाहिजे का?" मी नको म्हणले.

माझ्याकडं सीडी लावायला काय नाय. ती नागलीच्या डब्यात ठेवली हाय. नवी नागली आली की डब्याला हळदकुंकू लावते. त्या दिवशी सीडी बाहेर काढते, पदरानं पुसते, आन परत दाण्यांत खोचते.