बिनआवाजाची मशीन

दुपारी बरोबर तीन वाजून पाच मिनिटांनी माझं डोकं फिरायला सुरुवात झाली. कसं फिरलं ते सांगते, पण तोंडात चहा असेल तर आधी गिळून घ्या.

झोयाचे अब्बा तिकडं कतारात, दोह्याला कंपनीत. मी आणि दोन वर्षांची झोया रोह्याला. दोहा, रोहा. नावं ऐकून वाटतं शेजारीच असतील.

जाताना त्यांनी कपाटाखाली एक जुना कंप्युटर ठेवला. त्याला ते सर्व्हर म्हणतात. मी मोबाइलवर झोयाचे व्हिडिओ काढते, ते आपोआप त्याच्यात जातात आणि अब्बा तिकडून बघतात. पण त्यांच्या खोलीतलं नेट म्हणजे ठिबकणारा नळ. म्हणून ते बघायला बसले की इकडची मशीन मोठा व्हिडिओ बारीक करून करून पाठवते. त्या कामाला ती म्हातारी मशीन धापा टाकायची. पंखा असा घुरघुरायचा की मांडणीतली भांडी वाजायची.

रोज तीनला त्यांची जेवणाची सुट्टी, आणि तीनला आमचा पंखा सुरू. मी ताट घेऊन तिथंच बसायची. ते तिकडं बघतायत, मी इकडं ऐकतेय. झोयाचं बडबडणं सोडलं तर दिवसभरात घरात मोठ्या माणसाचा आवाज तेवढाच.

पण तिकडं व्हिडिओ अडकायचा. "झोया एक पाऊल उचलते, दुसरं टाकेपर्यंत माझी सुट्टी संपते," अब्बा म्हणाले. "पेणला जा गो, दुकानात विचार आणि चांगलंसं काहीतरी घे."

मी सातवी शिकलेली. पण मिक्सर घेतानासुद्धा दुकानदाराला घाम फोडते. पेणच्या दुकानदाराने दोन वस्तू पुढे ठेवल्या. एक ग्राफिक कार्ड, विटेएवढं, पंखेवालं, जुन्या मशीनमध्ये बसवायचं. दुसरी जेवणाच्या डब्याएवढी नवी मशीन.

"व्हिडिओ बारीक करायचं काम हिच्या चिपमध्येच होतं," तो म्हणाला.

"तापते का?"

"नाय."

"लाइट खाते?"

"त्या कार्डाच्या मानाने काहीच नाय."

"पोरीने बोट घातलं तर?"

"बोट जायला फट कुठाय, ताई?"

"आणि आवाज? पोरगी झोपते तिथंच."

"घरात हाय का नाय, ते पण कळणार नाय."

घेतली. गाडीत मांडीवर धरून आणली. कासू स्टेशन येईपर्यंत झोया तिच्यावरच डोकं ठेवून झोपली होती. अब्बांनी फोनवर सांगितलं तशी जुनी डिस्क तिला जोडली, बाकीचं त्यांनी तिकडून केलं. म्हातारी भंगारात गेली.

दुसऱ्या दिवशी तीन वाजले. तीन पाच झाले. काही नाही. मांडणीसुद्धा गप्प. वाटलं, आज सुट्टी मिळाली नसेल. त्याच्या दुसऱ्या दिवशीही तसंच. मी मशीनवर हात ठेवून बसले, तापाचं पोर बघावं तसा. गार.

संध्याकाळी फोनवर विचारलं, "व्हिडिओ बघितलात?"

"बघितला की. मस्त."

खोटं. मी तिथंच बसले होते ना?

शेजारच्या रुबीना खालाला सांगितलं. ती म्हणाली, "फ्रॉकचा रंग विचार. बघितला असेल तर सांगेल."

विचारला. "निळा होता ना?" अब्बा म्हणाले.

फ्रॉक मोरपंखी होता. खाला माझ्याकडे बघत राहिली आणि मी फरशीकडे.

मग मनात नको ते यायला लागलं. तिकडं गेलेली माणसं हळूहळू घर विसरतात, असं ऐकलेलं. आधी बघणं बंद होतं, मग विचारणं. झोया भिंतीवरच्या फोटोला अब्बा म्हणते, पुढे फोटोच राहिला तर?

एका सकाळी मी मोबाइल पिठाच्या डब्याला टेकवून उभा केला आणि बोलले. ते बघतच नव्हते, मग लाज कसली?

"तीनला मशीन घुरघुरत नाय, म्हणजे तुम्ही बघत नाय. आमची आठवण येत नसेल तर सरळ सांगा. तुमच्या उशीला तेलाचा वास येतो, तरी मी अभ्रा धुतला नाय. घोरायचात म्हणून कुशीवर लोटायची तुम्हाला. आता कुणी घोरत नाय, तर झोप लागत नाय." पुढे ओढणीला नाक पुसलं, आणि झोयाने तिचं चोखलेलं बिस्कीट माझ्या तोंडात कोंबलं. तेही त्यात आलं.

तीन वाजले. मशीन गप्प. थोड्या वेळाने मोबाइल वाजला, व्हिडिओ कॉल. अब्बा, आणि त्यांच्या मागे पाचसहा डोकी.

"सलाम, भाभी."

खोलीतल्यांनी मिळून टीव्ही घेतला होता. नवी मशीन आल्यापासून सगळे जेवताना झोयालाच बघायचे. महाडचा एकजण घास हातात धरून म्हणाला, "भाभी, घोरतो तर मी पण. आमच्या हिने असं कधी म्हटलं नाय."

अब्बा फोन घेऊन बाहेर आले. डोळे लाल. "अगो, आवाज करत नाय म्हणूनच घेतलीस ना ती मशीन?"

मी ओढणी डोक्यावर ओढली. मग विचारलं, "सगळा बघितलात?"

"सगळ्यांनी बघितला. तू मशीन एकदम बरोबर निवडलीस. एक शब्द अडकला नाय."

तर तुमच्या ओळखीत कुणा बाईचा माणूस बाहेरदेशी असेल आणि ती अशी मशीन घेणार असेल, तर तिला माझा निरोप द्या. मशीन गप्प असली तरी चालू असते. आणि नवऱ्याला काही बोलायचं असेल तर आधी विचारून घ्यावं, टीव्हीसमोर जेवायला कोण कोण बसलंय.